रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

निसर्ग-इतिहास संग्रहालयात काचेआड मांडलेले प्राणी हा त्या संस्थेच्या संचिताचा अल्पसा भाग असतो. अभ्यासकांसाठी राखलेला मोठा संग्रह कपाटांच्या खणांत ठेवलेला असतो आणि तेथे पक्षी फांदीवर बसवलेले नसून, मांस काढून, कातड्यात कापूस भरून उताणे निजवलेले असतात. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव असते. चिठ्ठी हरवली तर कातडे केवळ शोभेचे उरते. ती खोटी असली तर काय होते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते.

या लहान घुबडाचे पहिले वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केले. मराठी वाचकांना हे गृहस्थ काँग्रेसच्या स्थापनेमुळे ठाऊक असतात, पक्षिशास्त्रातील त्यांचे काम मात्र त्याहून टिकाऊ म्हणावे लागेल. वर्णनासाठी वापरलेला, म्हणजे जातीचे नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो प्रारूप नमुना ब्लेविट या संग्राहकाने मिळवला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात आणखी पक्षी टिपले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. जगभरच्या संग्रहांत मिळून या जातीची कातडी जेमतेम सात होती, आणि त्यांतल्या एकावर रिचर्ड माइनर्टझहागेन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे तो पक्षी मारल्याची नोंद होती.

ही नोंद खरी मानल्यामुळे शोधाची दिशा चुकत राहिली. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडे बारकाईने तपासले, त्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली, तेव्हा ते उसवून पुन्हा भरलेले निघाले आणि मूळच्या बांधणीत डेव्हिडसन यांचीच धाटणी ओळखू आली: लंडनच्या संग्रहातून चोरलेल्या नमुन्यावर नवी चिठ्ठी चढवली होती. संग्राहक कातडे कसे भरतो, ही हस्ताक्षराइतकी स्वतंत्र गोष्ट असते. माइनर्टझहागेन यांनी अक्षर बदलले, पण हात पुरता लपवता आला नाही. मांडवीची नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळे धुंडाळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा भरदिवसा जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली.