उंचवटा नसलेल्या बेटावर

५ मार्च १९६२, सोमवारची संध्याकाळ. तुम्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनिया राज्यातल्या शिंकटीग बेटावर उभे आहात. बेट उणंपुरं अकरा किलोमीटर लांब, अडीच किलोमीटर रुंद. लाकडी घरं, कालवं काढणाऱ्यांच्या होड्या, कोंबड्यांच्या लांबलचक शेड्स आणि घरटी नाही म्हणता येणार, पण बऱ्याच परसांत एखादं बुटकं, दणकट तट्टू. तुमच्या वाट्याला आलेल्या घराच्या परसातही एक घोडी आहे. तिची मोरखी खुंटीला टांगलेली आहे आणि चार दिवस तिचं सगळं तुमच्याकडे आहे.

पूर्वेला, अरुंद खाडीपलीकडे ॲसटीग बेटाची पट्टी दिसते. साठेक किलोमीटर लांब, वाळूची, समुद्र आणि शिंकटीग यांच्यामध्ये आडवी पडलेली. खुल्या समुद्राच्या लाटा तीच अंगावर घेते, म्हणून शिंकटीगमध्ये माणसं निर्धास्त झोपतात. तिच्यावर तट्टांचे कळप मोकळे चरतात. पाहुणे त्यांना रानटी म्हणतात, पण व्हर्जिनिया आणि मेरीलँड या दोन राज्यांत पसरलेल्या या पट्टीवरच्या व्हर्जिनियाकडच्या कळपाला मालक आहे: गावचं स्वयंसेवी अग्निशामक दल. १९२० च्या दशकात आगींनी गावाचं मोठं नुकसान केलं, तेव्हा हे दल उभं राहिलं. १९२५ पासून दर जुलैच्या अखेरीस दलाची माणसं कळपाला पोहत खाडी पार करून गावात आणतात आणि शिंगरांचा लिलाव करतात. त्या पैशातून बंब येतात, पाइप येतात. घोड्यांनी गावाला आगीपासून राखायचं आणि गावाने घोड्यांना राखायचं, असा हा करार आहे.

मंगळवारी पहाटे तुम्हाला जाग येते ती पावसाने नाही, वाऱ्याच्या एकसुरी आवाजाने. शेजारचे म्हातारबाबा कुंपणाशी उभे राहून खाडीकडे बघतायत. ‘ओहोटीची वेळ होऊन गेली,’ ते म्हणतात. ‘पाणी उतरलंच नाही.’

हे वाक्य कोकणातल्या माणसाच्या पोटात गोळा आणील. आज अमावास्या आहे. उधाण येणारच, पण आज चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळही आलेला आहे, म्हणून ते नेहमीपेक्षा मोठं. त्यात किनाऱ्यालगत एक विस्तीर्ण वादळ येऊन अडकलंय. कॅनडावर हवेचा जास्त दाबाचा पट्टा आडवा ठाकल्यामुळे त्याला उत्तरेला सरकता येत नाही. एकाच जागी राहून ते शेकडो किलोमीटर पल्ल्याच्या समुद्राला किनाऱ्यावर रेटतंय. भरतीचं पाणी खाडीत शिरतं. ओहोटीला बाहेर पडू लागलं की वारा त्याला मागे ढकलतो, आणि त्याच्यावर पुढची भरती चढते. अशा पाच भरत्या लागोपाठ येणार आहेत. तुम्हाला हे ठाऊक आहे. म्हातारबाबांना नाही. मार्च महिन्यात चक्रीवादळं येत नाहीत, त्यामुळे या वादळाला नावसुद्धा नाही.

तुमच्या मनात पुणं येतं. पानशेत धरण फुटलं त्याला अजून आठच महिने झालेत. तिथे पाणी काही तासांत आलं, शहर उद्ध्वस्त करून उतरलं. आणि गेल्याच महिन्यात, मागच्या अमावास्येला, अष्टग्रहीच्या, म्हणजे आठ ग्रह एका राशीत येण्याच्या, भीतीने देशभर होमहवनं झाली, आता जग बुडणार म्हणून लोक रडले. ते संकट आलं नाही. हे मात्र कुणाला पूर्वसूचना न देता, शांतपणे, बोटाबोटाने चढतंय.

दुपारपर्यंत रस्ता दिसेनासा होतो. आता घोडी कुठे न्यायची? माझ्या मते या सगळ्या दिवसांतला खरा प्रश्न हा एकच आहे, आणि शिंकटीगमध्ये त्याला धड उत्तर नाही. घोड्याचा माणूस पूर आला की वर बघतो: टेकाड, बांध, रेल्वेचा भराव, काहीतरी. इथे सगळं बेट समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटरभर उंच आहे. मुख्य भूमीकडे जाणारा भराव घातलेला रस्ता १९२२ पासून आहे, पण तोही पाण्याखाली गेलाय. त्याच्यावर घोडी घातली तर रस्ता कुठे संपतो आणि खाजण कुठे सुरू होतं ते तिला कळणार नाही, तुम्हालाही नाही.

तुम्ही तबेल्यात जाता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलंय आणि ते गोठवणारं आहे. घोडीने शेपटीकडची बाजू वाऱ्याकडे केलीय, मान खाली घातलीय. ती खिंकाळत नाही, उधळत नाही. नवख्याला वाटेल ती शांत आहे. तिचे कान बघा: एक पुढे, एक मागे, सारखे हलतायत. नाकपुड्या फुगलेल्या. गवताचा भारा भिजून गेलाय. घोड्याला थंडीत ऊब मिळते ती पोटातल्या वैरणीतून. आतडी काम करत राहिली तर शरीर तापतं. त्यात अंगावरचे केस चिंब भिजले की त्यांच्यात अडकून राहणारी हवा जाते आणि थंडी थेट कातड्याला भिडते. आणि प्यायला पाणी? चहूकडे पाणी आहे, पण खारं. ॲसटीगची तट्टं पिढ्यान् पिढ्या खारवट गवत खातात, मचूळ पाणी पितात, म्हणून त्यांची पोटं सुटल्यासारखी दिसतात. तरी समुद्राच्या पाण्यावर तीही जगत नाहीत.

म्हातारबाबा पाण्यातून चालत येतात. ‘बांधून ठेवू नका,’ ते आल्या आल्या म्हणतात. ‘बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं.’

‘मग मोकळं सोडू?’

‘कुठे जाईल?’

तुम्ही दोघेही गप्प राहता. मग ते घराकडे बोट दाखवतात. घर विटांच्या खांबांवर आहे, जमिनीपासून तीन पायऱ्या वर. या बेटावर तीन पायऱ्या हाच डोंगर.

घोडीला घरात घेणं सोपं नाही. ती पहिल्या पायरीशी थांबते, पाय टेकते, मागे घेते. लाकडाचा पोकळ आवाज तिला आवडत नाही. तुम्ही ओढलंत तर ती मागे ओढणार, आणि तिचं वजन तुमच्या चौपट आहे. तेव्हा ओढू नका. तिच्या खांद्याशी उभे राहा, मोरखी सैल धरा, तिच्याकडे नव्हे, दाराकडे बघा. वाट बघणं हीच यातली कसोटी आहे, कारण पाणी मागून चढत असताना थांबून राहायला फार धीर लागतो. एकदम ती नाक फुरफुरते आणि तीन उड्यांत आत येते. टेबल सरकतं, बशा फुटतात. तुम्ही तिच्या अंगावर हात टाकून उभे राहता आणि ती थरथरतेय की तुम्ही, ते कळत नाही.

ही कल्पना एकट्या म्हातारबाबांची नाही. याच बेटावर बीबी कुटुंबाने आपली गाभण घोडी घरात, स्वयंपाकघरात घेतलीय. तिचं नाव मिस्टी. पांढऱ्या अंगावर सोनेरी ठिगळं असलेली ही घोडी अमेरिकेतल्या मुलांना नावाने ठाऊक आहे. लेखिका मार्गेरीट हेन्री १९४६ साली इथला घोड्यांचा उत्सव बघायला आल्या, या शिंगरावर त्यांचा जीव जडला, आणि १९४७ साली त्यांचं पुस्तक आलं. मिस्टी इलिनॉयमध्ये त्यांच्याकडे वाढली, १९५७ साली बेटावर परतली. गेल्या वर्षी तिच्यावरचा चित्रपट आला, त्याचं चित्रीकरण इथेच झालं. गावातल्या थिएटरसमोर ओल्या सिमेंटमध्ये तिच्या खुरांचे ठसे उमटवलेत. ते ठसे आता पाण्याखाली आहेत, आणि ज्या घोडीचे ते आहेत ती सोळाव्या वर्षी, पोटात पूर्ण दिवसांचं शिंगरू घेऊन, एका घराच्या स्वयंपाकघरात उभी आहे.

बुधवार, ७ मार्च. ख्रिस्ती लोकांचा राखेचा बुधवार. वसईच्या चर्चमध्येही आज कपाळांना राख लागली असेल. या दिवसावरूनच पुढे वादळाला नाव मिळणार आहे. सकाळच्या भरतीला पाणी दोन पायऱ्या चढून आलंय. आकाशात घरघर होते: वॉलॉप्सहून, जिथे नासाचं अग्निबाणतळ आहे, तिकडून हेलिकॉप्टरं येतायत. बायका, मुलं, म्हातारी माणसं. एकेक घर रिकामं होतं. हेलिकॉप्टरमध्ये घोड्यांना जागा नाही.

शेजारची एक बाई मुलाला कडेवर घेऊन शिडी चढताना मागे वळून तुमच्या घराच्या खिडकीकडे बघते. खिडकीतून घोडीचं तोंड बाहेर आलेलं आहे. ती काही बोलत नाही. तिच्या परसात दोन तट्टं होती.

आता तुम्ही तिकडे बघा, पूर्वेकडे, ॲसटीगकडे. पट्टी कुठे आहे? जिथे वाळूच्या टेकड्या होत्या तिथे पांढऱ्या फेसाच्या रांगा आहेत. समुद्र बेटावरून थेट खाडीत उतरतोय. तिथल्या कळपासाठी कुणी दार उघडलेलं नाही. या भागात १९४३ पासून पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे. घोड्यांना चराईसाठी ठरावीक, खाजणाकडची सखल जमीन आहे, आणि मध्ये कुंपण. कोरड्या दिवसांत या कुंपणाने दोघांचीही सोय होत असेल. पण पाणी चढलं तेव्हा वाळूच्या उंच भागाकडे जाणाऱ्या वाटेत तेच आडवं आलं. हजारो वर्षांत घोड्याने शिकलेली एक गोष्ट म्हणजे पाणी आलं की वर जायचं. त्या वेळी तट्टांना वाट ठाऊक होती, वाट मोकळी नव्हती. याचा मला राग येतो, आणि तो साठ वर्षांनीही कमी होत नाही. ज्याला आपण मोकळं जनावर म्हणतो, त्याच्याभोवती आपण तार ओढली असेल तर संकटात ती तार उघडण्याची जबाबदारी आपली असते.

गुरुवारी पाचवी भरती येते आणि मग, अखेर, पाणी उतरू लागतं. किनारपट्टीवर या वादळाने ४० माणसांचा बळी घेतला. शिंकटीगच्या कोंबड्यांच्या शेड्स रिकाम्या झाल्या, त्या धंद्याची कंबर मोडली. परसांमध्ये, झुडपांत, कुंपणांच्या तारांशी तट्टं पडलेली आहेत. अग्निशामक दलाची माणसं ती उचलतायत. यांतलेच काही जण दर जुलैला घोड्यांवर बसून ॲसटीगचा कळप खाडीत उतरवतात. प्रत्येकाची आई कोण, ती कुठल्या साली जन्मली, हे त्यांना तोंडपाठ. ते बोलत नाहीत. एक जण एका घोडीच्या आयाळीतलं शेवाळ बोटांनी काढतो आणि मग दोर बांधतो. तुम्हीही दोराचं दुसरं टोक धरा. एवढं तरी करा.

तुमची घोडी पायऱ्या उतरताना पुन्हा अडते. खुरं पाण्याने मऊ पडलीत, पायांना चिखलाने खाज सुटलीय. गोडं पाणी समोर ठेवल्यावर ती बादलीतून मान वर काढत नाही. थोडं थोडं पाजा; एकदम पिऊ दिलंत तर पोट धरेल.

रविवारी, ११ मार्चला, मेरीलँडमधल्या पोकोमोक शहरात पशुवैद्याकडे नेलेली मिस्टी व्यायली. तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरी चंद्रकोर असलेलं शिंगरू. नाव ठेवलं स्टॉर्मी. पुढे मिस्टीचा चित्रपट थिएटरांत पुन्हा लागला, मायलेकी स्वतः प्रेक्षकांसमोर गेल्या, आणि जमलेल्या निधीतून दलाने आधीच्या लिलावांत विकली गेलेली तट्टं मालकांकडून परत विकत घेतली. कळप असा पुन्हा उभा राहिला. १९६३ साली मार्गेरीट हेन्रींनी त्यावर पुस्तक लिहिलं.

तुम्ही परत येण्याआधी जुलैत थोडं थांबा. महिन्याचा शेवटचा बुधवार, २५ तारीख. खाडी शांत आहे. कळप लहान आहे, पण पोहतोय.

ॲसटीगचा मेरीलँडकडचा भाग तेव्हा बंगल्यांसाठी प्लॉट पाडून विकला जात होता. वादळाने तिथला रस्ता आणि घरं पुसून टाकली; वाळूच्या त्या पट्टीवर वसाहत टिकणार नाही हे सगळ्यांना दिसलं, आणि १९६५ साली तो किनारा राष्ट्रीय संरक्षित किनारा झाला. दलाचा कळप आजही आहे. त्याला १५० घोड्यांची मर्यादा आहे, आणि मोठ्या वादळाचा इशारा आला की कळपाला उंच भागाकडे जाता येईल याची काळजी आधी घेतली जाते.

आपल्याकडे ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. अलिबाग, काशीद, मुरूडच्या पुळणींवर घोड्यांवर पोट असलेली माणसं आहेत. माझं त्यांना, आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही, एवढंच सांगणं आहे: पाऊस लागायच्या आत घोड्यासाठी उंचावरची जागा बघून ठेवा, तिथवर त्याला दोन-तीनदा चालवत नेऊन आणा, मोरखीवर आपला फोन नंबर पक्क्या शाईने लिहा. आणि घर सोडून जायची वेळ आलीच, तर दावं सोडल्याशिवाय निघू नका.