अडगळ नेमकी कोणाची?

इंग्रजी पुस्तकांत ‘स्प्रिंग क्लीनिंग’ नावाचा एक प्रकार असतो. हिवाळा संपतो, खिडक्या उघडतात आणि लोक घर झाडायला काढतात. नागपुरात वसंत ऋतू येतो कधी आणि जातो कधी, कोणाला पत्ता लागत नाही. होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून ऊन! त्यामुळे मार्चमधल्या सफाईचं आमच्याकडचं खरं नाव ‘कूलर काढणे’. कूलर माळ्यावरून खाली येतो, जुनं गवत काढून नवं भरलं जातं, स्वेटर आणि रजया वर जातात. या निमित्ताने माळा उघडतो आणि घरातली सगळी भांडणंही :) दुसरी फेरी दिवाळीच्या आधी.

आमचं घर तीन पिढ्यांचं, सात माणसांचं. त्यात पाहुण्यांचा राबता. मी नोकरीसाठी पुण्यात असतो, त्यामुळे घरी गेलो की बाहेरच्याच्या नजरेने पसारा दिसतो. मारी कोंडो बाईंचं पुस्तक मी वाचलंय, २०१९ मध्ये आलेली त्यांची मालिकाही पाहिलीय. (तिसरं मूल झाल्यावर आपण आवराआवरीचा हट्ट बराचसा सोडून दिलाय, असं त्याच बाईंनी २०२३ मध्ये सांगितलं, तेव्हा आमच्या आईला जो आनंद झाला तो विचारू नका.) शिवाय इंटरनेटवर एक नियम फार फिरतो - वर्षभरात वापरली नाही ती वस्तू टाकून द्या.

आता हा नियम घेऊन नागपूरच्या माळ्यावर चढून बघा. पहिलीच वस्तू हाताला लागते ती लाकडी नंदी. तान्ह्या पोळ्याला लहान मुलांनी सजवून मिरवायचा, दारोदार जाऊन बोजारा गोळा करायचा, की परत वर्षभर माळ्यावर. म्हणजे वापर वर्षातून बरोब्बर एक दिवस. नियमात बसतो की नाही? शेजारी पितळेचा हंडा, आजोबांची सायकलची पावती, कोणाच्या तरी लग्नातली समई. मी एखादा डबा उचलला की खालून आवाज येतो, “काऊन रे, ते कायले फेकून राहिला?”

हा ‘कायले’ मला महत्त्वाचा वाटतो. कारण नागपूरच्या इतिहासात घर रिकामं करण्याचा एक फार मोठा प्रसंग घडून गेलाय, आणि त्यातही असंच विचारणारी एक म्हातारी बाई होती.

११ डिसेंबर १८५३ ला नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. मुलगा नव्हता, दत्तकही घेतलेला नव्हता. लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. झाशीही त्याच वर्षी गेली. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं. ‘राज्य गेलं’ म्हटलं की धडा संपला, खालचे प्रश्न सोडवा.

पण राज्य म्हणजे नुसता नकाशा नाही ना. महालात भोसल्यांचा वाडा होता. त्यात राण्या राहत होत्या, नोकरचाकर होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे दागिने होते, सामानसुमान होतं, दारात हत्तीघोडे होते. एक भरलेलं, गजबजलेलं घर होतं. त्याचं काय करायचं?

डलहौसीच्या मते ही सगळी मालमत्ता राज्याची होती, कुटुंबाची खासगी नव्हे. राज्य आपलं झालं म्हणजे सामानही आपलं. ते विकावं, पैशाचा फंड करावा आणि तो भोसल्यांच्या कुटुंबासाठीच वापरावा. कागदावर किती नीटनेटकं वाटतं बघा! वापरात नसलेल्या वस्तू काढा, रोकड करा, घरच्यांचाच फायदा. डिक्लटरिंगच्या एखाद्या ब्लॉगवर शोभेल असा युक्तिवाद.

प्रत्यक्षात काय झालं, ते जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या युद्धावरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय. पहिला खंड १८६४ चा, म्हणजे घटनेला जेमतेम दहा वर्षं झाली होती. भोसल्यांचे हत्ती, उंट, घोडे, बैल अशी शेकडो जनावरं सीताबर्डीला लिलावात मातीमोल गेली. दागिने, थोडेफार वगळून, कलकत्त्याच्या बाजारात रवाना झाले. राण्यांनी निषेध नोंदवला, गव्हर्नर जनरलला अर्ज केले. उपयोग शून्य.

सीताबर्डीला, बरं का. जिथे आज आपण कपडे घेताना घासाघीस करतो तिथे. आणि विकले त्यात बैल होते. ज्या भोसल्यांच्या दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये मुलांसाठी लाकडी नंदीचा तान्हा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात, त्यांच्याच घरचे बैल.

त्या घरात सगळ्यांत मोठ्या होत्या बाकाबाई. काही जण बांकाबाई लिहितात. दुसऱ्या रघुजींच्या विधवा, वय ऐंशीच्या आसपास. सीताबर्डीच्या लढाईनंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना गादीवरून काढलं आणि लहानग्या तिसऱ्या रघुजींना बसवलं, तेव्हा त्यांच्या वतीने नावाला कारभार पाहणाऱ्या त्याच (खरा कारभार रेसिडेंट जेन्किन्सचा). के लिहितो, की वाड्यातलं सामान हलवायला माणसं येणार म्हटल्यावर बाकाबाईंनी धमकी दिली - सामान उचललंत तर वाड्याला आग लावीन.

सामान उचललं गेलंच. आग काही त्यांनी लावली नाही.

हा प्रसंग वाचून मी जरा थबकलो. एका खुर्चीसाठी, पलंगासाठी कोणी घर पेटवायची भाषा करतं? राज्य गेलं तेव्हा अर्ज-विनंत्या, आणि सामान चाललं तेव्हा आग? पण विचार केला तर कळतं. राज्य जाणं ही दरबारातली गोष्ट. पलंग जाणं ही घरातली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, तो पलंग आता नको झालाय हे बाहेरच्या कोणीतरी ठरवलं होतं. राग सामान जाण्याचा कमी आणि ‘तुम्ही कोण ठरवणारे?’ हा जास्त असावा, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट अजून चमत्कारिक आहे. १८५७ च्या उठावात बाकाबाईंनी आपल्या माणसांना शांत ठेवलं, इंग्रजांच्या विरुद्ध जाऊ दिलं नाही. १८५८ मध्ये त्या वारल्या. आणि मग १८८० च्या दशकात नागपुरात मारबतीच्या मिरवणुका सुरू झाल्या.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दिवशी विदर्भात दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून गावाबाहेर नेऊन जाळायच्या, आणि जाताना ओरडून सांगायचं की घरातले रोगराई, खोकला, ढेकूण सगळं घेऊन जा बाई मारबत. म्हणजे ही घराघराची सफाईच. नागपुरात याची शहरभर मिरवणूक झाली. काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन प्रचंड बायका, सोबत त्या त्या वर्षीचे बडगे - महागाईचा, भ्रष्टाचाराचा, जो विषय तापलेला असेल त्याचा. जुन्या नागपुरातून मिरवायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. शहराने स्वतःच ठरवलेली स्वतःची अडगळ.

आणि काळी मारबत कोण? सांगतात ते असं, की इंग्रजांना मिळालेली बाकाबाई.

बघा गंमत. जी बाई आपल्या घरातलं सामान बाहेर नेऊ नका म्हणून आग लावायला निघाली होती, तिलाच गाव गेली जवळपास दीडशे वर्षं दरसाल बाहेर नेऊन आग लावतंय. १८५७ मधलं तिचं वागणं लोकांनी लक्षात ठेवलं, ते ठेवायलाच हवं. पण सामानासाठीची ती धमकी मात्र कुठल्याशा माळ्यावर पडून राहिली. आठवणींचंही डिक्लटरिंग होतं, आणि त्यातही कोणीतरी ठरवतंच, काय ठेवायचं ते.

आता तुम्ही म्हणाल, ठेवलं असतं तरी काय उपयोग? बरोबर. महालातला भोसल्यांचा तो वाडा १८६४ मध्ये आगीत जळाला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. म्हणजे लिलावात गेलं नसतं ते सामान कदाचित दहा वर्षांत राख झालं असतं. जपलेली प्रत्येक वस्तू टिकते असं मुळीच नाही. पण गेलेली परत आणायची किंमतही बघा. पहिल्या रघुजींची एक तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. ती या १८५४ नंतरच्या लिलावातली, असं मला म्हणायचं नाही. पण ती नागपूरच्या भोसल्यांच्या घराण्याची. महाराष्ट्र सरकारने ती ४७.१५ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली.

असो. यातून ‘काहीही फेकू नका’ असा निष्कर्ष काढला तर सात माणसांच्या घरात आठवं माणूस म्हणून सामानच राहायला लागेल. पसारा आवरायलाच हवा. मारबत तरी दुसरं काय सांगते? बाहेर काढण्याला तारीख हवी, आणि ते सगळ्यांनी मिळून करायला हवं. वाड्यात झाली ती उलटी गोष्ट. ज्यांचं घर होतं त्यांना सोडून बाकी सगळ्यांनी ठरवलं.

आमच्या धंद्यात जुना कोड डिलीट करण्याआधी तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला हे एका कमांडवर बघता येतं. त्यामुळे निर्णय सोपा होतो, बऱ्याचदा बिनधास्त डिलीटही करता येतं. माळ्यावरच्या डब्याला ती सोय नाही. त्याची सगळी हिस्टरी आईच्या डोक्यात, आणि थोडी आजीच्या. बॅकअप कुठेच नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही साधी पद्धत केली. एका वहीत तीन रकाने - वस्तू, कोणाची, आणि काय करायचं. तिसरा रकाना भरायचा हक्क दुसऱ्या रकान्यातल्या माणसाचा. ते माणूस हयात नसेल तर घरातल्या सर्वांत मोठ्याचा. मी फक्त उचलायचं आणि लिहायचं. वाटलं होतं, आई काहीच सोडणार नाही. पण विचारल्यावर तिने जवळजवळ अर्धा माळा स्वतःहून मोकळा केला. दोन गोण्या कपडे, फुटकी बादली, एक बंद पडलेला मिक्सर. पितळेच्या हंड्यापाशी मात्र थांबली. तो तिच्या आईने भुसावळहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणला होता म्हणे. अठ्ठावीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या रकान्यात तिने लिहिलं - ‘राहू दे. मी गेल्यावर तू ठरव.’