एकफलकी संगणकावरील वेब सेवा

प्रक्रियक, स्मृती आणि जोडणीची द्वारे एकाच छापील फलकावर बसवलेल्या लहान संगणकाला एकफलकी संगणक किंवा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. अशा संगणकावर एखादे साधे संकेतस्थळ, पाऊस वा नदीपातळीच्या नोंदींचे पान, शाळेचा ग्रंथसंग्रह यांसारखी सेवा अखंड चालवता येते. या कामात गणनशक्ती क्वचितच कमी पडते. सेवा बंद पडते ती वीज, साठवणीचे कार्ड, घड्याळ आणि इंटरनेटवरील पत्ता यांपैकी एखाद्या कारणाने. कोल्हापूरसारख्या पूरप्रवण जिल्ह्यात ही चारही कारणे एकाच आठवड्यात उद्भवू शकतात.

पार्श्वभूमी

एका फलकावरचा संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जुनाच परिचयाचा आहे. ८०८५ प्रक्रियकाचे, षोडशमान कळफलक असलेले प्रशिक्षणसंच प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे वापरात होते. लिनक्स ही पूर्ण कार्यप्रणाली चालवू शकणारा आणि सामान्य ग्राहकाला परवडणारा फलक मात्र नंतर आला. रास्पबेरी पाय हा ब्रिटनमध्ये विकसित झालेला संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. त्याची किंमत ३५ डॉलर, गती ७०० मेगाहर्ट्झ आणि स्मृती २५६ मेगाबाइट होती. आकार बँकेच्या कार्डाएवढा.

थोड्या माहितीसाठी मोठे यंत्र लागते का, हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात त्याआधीच उपस्थित झाला होता. वारणानगर परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था त्यात सहभागी होत्या. शेतीविषयक विविध माहिती गावोगावच्या केंद्रांतून मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग उसाचे वजन, खताची उचल, तोडणीची परवानगी अशा साखर कारखान्याच्या व्यवहारांसाठीच होऊ लागला. संगणकांची देखभाल आणि विजेची अनियमितता या अडचणी होत्याच. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या भारतातील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल आणि लघुसंदेश वापरून पाहिले. चार आकड्यांचे उत्तर देण्यासाठी संदेश पुरेसा ठरला. हा प्रयोग एकफलकी संगणकाचा नव्हता. पण हलक्या सेवेची आखणी कामाच्या मापाने करावी, हे त्यातून स्पष्ट होते.

सेवेचे स्वरूप

प्रत्येक भेटीच्या वेळी पान नव्याने रचण्याऐवजी ते आधीच तयार करून ठेवले, तर सर्व्हरला केवळ फाइल उचलून पाठवावी लागते. लाइटटीपीडी (२००३) आणि एन्जिनएक्स (२००४) हे सर्व्हर अशा कामात अल्प स्मृतीवर चालतात. नोंदींसाठी एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस बहुधा पुरतो.

मराठी पानांना एक वेगळा हिशेब लागू होतो. यूटीएफ-८ या संकेतनात इंग्रजी अक्षर एका बाइटात बसते, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हीदेखील स्वतंत्र चिन्हेच. त्यामुळे मराठी मजकूर जड वाटतो. तथापि त्या तिनांपैकी पहिले दोन बाइट सतत तेच ते येत असल्याने संपीडनानंतर त्याचा आकार पुष्कळच घटतो. खरा भार असतो तो सजावटीच्या देवनागरी फॉन्टचा. एक फॉन्ट संपूर्ण लेखापेक्षा कितीतरी मोठा भरू शकतो. वाचकाच्या मोबाइलमधील फॉन्टवर विसंबणे हा हलक्या सेवेसाठी सर्वांत सोपा उपाय होय.

वीज, कार्ड आणि घड्याळ

सरासरी ३ वॅट वीज घेणारा फलक वर्षभर अखंड चालला, तर सुमारे २६ युनिट वीज लागते. ८० वॅटचा टेबलावरचा संगणक तेवढ्याच काळात सुमारे ७०० युनिट घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास ऊर्जा मावते. निम्मीच वापरली तरी एकटा फलक बारा तासांच्या आसपास चालतो. मात्र फायबरची पेटी आणि राउटर यांना अनेकदा फलकापेक्षा जास्त वीज लागते. तो हिशेब विसरला, तर दिवे गेल्यावर संगणक जिवंत राहतो आणि सेवा नाहीशी होते.

कार्डाची अडचण अधिक गंभीर असते. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेल्यास फाइलव्यवस्था बिघडते, आणि सतत लेखनाने कार्ड झिजते. म्हणून कार्यप्रणालीचा भाग केवळ वाचनासाठी खुला ठेवतात, तात्पुरत्या नोंदी स्मृतीत ठेवतात आणि मोलाची माहिती ठरावीक वेळानेच लिहितात. दुसरे तयार कार्ड शेजारी असणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

घड्याळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या फलकांवर, वीज नसतानाही चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू झाला की तो इंटरनेटवरून वेळ घेतो. वीज सहा तासांनी आली आणि इंटरनेट आलेच नाही, तर तो शेवटी लक्षात ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजू लागतो. नोंद बरोबर असते, तिच्यापुढील वेळ चुकीची असते. वेळ फारच मागे राहिली, तर सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रेही अमान्य ठरतात. नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालणारा घड्याळाचा छोटा जोडफलक लावल्याने हा दोष दूर होतो.

पूरकाळातील वापर

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंचांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती. अशा वेळी '४२ फूट' हा आकडा पहाटेचा की दुपारचा, यावर घर सोडण्याचा निर्णय अवलंबून असतो. चुकीच्या वेळेचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो. त्यामुळे अशा पानावर मोजणीची वेळ आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी, आणि घड्याळाची खात्री नसेल तर पानाने ते स्वतःहून सांगावे.

पूरक्षेत्रात ठेवलेल्या यंत्रावरच पुराची सेवा अवलंबून ठेवणे उचित नाही. फलकाने नोंद घ्यावी व तयार पान दूरच्या सर्व्हरवर पाठवावे. जनतेने ते तेथून पाहावे. संपर्क तुटला तरी शेवटचे पान, त्याच्या वेळेसह, उपलब्ध राहते. फलक मागील महापुराच्या खुणेहून वर बसवणे ओघानेच आले. वळवाच्या विजांपासूनही त्यास जपावे लागते. तांब्याच्या तारेतून विद्युतदाबाचा झटका यंत्रापर्यंत पोहोचतो, काचेच्या तंतूतून पोहोचत नाही.

पत्ता आणि सुरक्षा

घरगुती जोडणीला बहुधा स्थिर पत्ता मिळत नाही. आयपी आवृत्ती ४ चे पत्ते अपुरे असल्याने अनेक सेवादाते बऱ्याच ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तेथे बाहेरून येणारी विनंती घरापर्यंत पोहोचत नाही. आवृत्ती ६ चा पत्ता किंवा बाहेरच्या सर्व्हरपर्यंत स्वतःहून उघडलेली वाहिनी हे त्यावरील मार्ग आहेत. नावासाठी २०१४ पासून देवनागरीतील '.भारत' हा पर्यायही आहे.

पूर्वी रास्पबेरी पायच्या कार्यप्रणालीत ठरावीक वापरकर्तानाव आणि परवलीचा शब्द येत असे. एप्रिल २०२२ मध्ये ही पद्धत बंद झाली. जुनी कार्डे अद्याप वापरात असल्यास शब्द तत्काळ बदलावा.

इंटरनेटविना सेवा

फलक स्वतःचे वाय-फाय निर्माण करून जवळच्या मोबाइलना पाने देऊ शकतो. किविक्स या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाची प्रत कार्डावर ठेवता येते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी अशा डोंगरी भागांतील शाळांत, जेथे पावसाळ्यात जोडणी दिवसेंदिवस खंडित राहते, तेथे हा प्रकार उपयुक्त ठरण्याजोगा आहे. अख्खा वर्ग एकाच वेळी जोडला गेल्यास फलकाचे अंतर्गत वाय-फाय अपुरे पडू लागते. त्यासाठी एक साधा राउटर पुढे लावतात. या रचनेत प्रत जुनी होत जाते. पानाच्या माथ्यावर प्रतीचा महिना व वर्ष लिहून ठेवण्याची जबाबदारी ती बसवणाऱ्याची असते.