करकाभाटचे दगड

आपले भिलाई दल्लीराजहराच्या लोहखनिजावर उभे राहिले. या खनिजाच्या मालगाड्या बालोदवरून येतात. त्याच बालोदहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत करकाभाट गाव आहे. तेथे झाडाझुडपांत दगडांचे ढीग पसरलेले असून काही ठिकाणी उंच पाषाण उभे रोवले आहेत. ती महापाषाण संस्कृतीची, दोन हजार वर्षांहून जुनी दफनस्थळे आहेत.

१९९० च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी येथे उत्खनन केले. लोखंडाची हत्यारे मिळाली. त्याआधी, १९५६-५७ च्या सुमारास, जवळच्याच धनोरा येथे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी अशाच स्थळाचे उत्खनन केले होते. भिलाई कारखान्याची उभारणी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती!

आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव विदर्भात आहे. नागपूरहून काटोलकडे जाताना लागणाऱ्या जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. मृताजवळ मातीची भांडी व लोखंडी अवजारे ठेवायची, वर माती-गोटे भरायचे आणि भोवती मोठ्या शिळांचे कडे करायचे, अशी तेथील पद्धत. माहूरझरीला तर घोड्याचे अवशेष आणि त्याचे तांब्याचे दागिनेही सापडले. नागपूर जिल्ह्यातील नैकुंद येथे डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांना १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची मातीची भट्टी मिळाली. तिला हवा पुरवणाऱ्या नळ्याही होत्या. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. खनिज, कोळसा आणि हवेचा झोत, मूळ सूत्र तेच.

एक कबुली देतो. करकाभाटचे ढीग प्रथम पाहिले तेव्हा, यातून किती घनमीटर गिट्टी निघेल, हाच हिशेब माझ्या डोक्यात आला. रुळांखाली गिट्टी टाकण्यात नोकरी गेली, दुसरे काय सुचणार! पण हाच हिशेब रस्तेवाला करतो, घराचा पाया भरणारा करतो आणि शेत वाढवणाराही करतो. ढीग एकदा हलला की कोणती वस्तू कोणाजवळ, कशी ठेवली होती, हे कायमचे पुसले जाते. दगड परत आणून रचले तरी ती माहिती परत येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. पुढल्या सुट्टीत मुलांना घेऊन करकाभाटला जा. दगडांवर चढू नका, काही उचलून आणू नका. हात जोडा आणि या. आपल्याआधी या मातीत लोखंड वापरणारी माणसे तेथे विसावली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!