‘ड्रॅगन बॉल झी : बुडोकाई’ - व्यंगमालिकेतून उभा राहिलेला आखाडा

लोकप्रिय मालिका अथवा चित्रपटावरून बेतलेले व्हिडिओ गेम बहुधा सुमार निघतात, हा खेळाडूंचा जुना अनुभव. या समजाला ज्या मोजक्या मालिकांनी छेद दिला, त्यांत ‘ड्रॅगन बॉल झी : बुडोकाई’चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ ते १९९५ या काळात जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धावर तोएई अ‍ॅनिमेशनने ‘ड्रॅगन बॉल झी’ ही २९१ भागांची दूरचित्रवाणी मालिका काढली. भारतीय मुलांना गोकू आणि व्हेजिटा भेटले ते कार्टून नेटवर्कवरून. या कथेतील मल्लयुद्धाच्या जागतिक स्पर्धेचे नाव ‘तेनकाइची बुडोकाई’. गेमचे नाव त्यावरूनच आले. मात्र ते पाश्चात्त्य बाजारपेठेपुरते. खुद्द जपानमध्ये हे गेम ‘ड्रॅगन बॉल झी’, ‘झी २’ आणि ‘झी ३’ अशा साध्या नावांनीच विकले गेले.

निर्मिती ओसाका परगण्यातील ‘डिम्प्स’ या कंपनीची. तिचे संस्थापक ताकाशी निशियामा हे १९८७ च्या मूळ ‘स्ट्रीट फायटर’चे दिग्दर्शक. त्यामुळे द्वंद्वाच्या खेळाचे व्याकरण या कंपनीला शिकवण्याची गरज नव्हती. पहिला भाग २००२ च्या अखेरीस युरोप-अमेरिकेत प्लेस्टेशन २ वर आला. दुसरा २००३ मध्ये, तर तिसरा २००४ मध्ये.

मूळ मालिकेत नायक कोणत्याही क्षणी अधिक बलाढ्य रूप धारण करतो आणि सामना तिथेच संपतो. पडद्यावर हे रंजक असले तरी दोन मित्र समोरासमोर खेळायला बसले की एकाचा विरस ठरलेला. ‘डिम्प्स’ने यावर कॅप्सूलचा तोडगा काढला. प्रत्येक विशेष डावपेच, प्रत्येक रूपांतर म्हणजे एक कॅप्सूल. ती खेळातील दुकानातून ‘झेनी’ या चलनात विकत घ्यायची आणि योद्ध्याच्या मोजक्या कप्प्यांत बसवायची. ‘सुपर सैयान’ व्हायचे तर दुसऱ्या एखाद्या अस्त्रावर पाणी सोडावे लागते. शिवाय ‘की’ ही ऊर्जा घटत गेली की धारण केलेले रूपही उतरते. थोडक्यात, दुबळ्या पात्रालाही संधी उरते. तिसऱ्या भागातील ‘ड्रॅगन रश’ तर निव्वळ अंदाजाचा खेळ : दोघांनी चारपैकी एक बटण दाबायचे, बचाव करणाऱ्याचे बटण जुळले तर हल्ला तिथेच फसतो. जाणकारांना हा प्रकार नशिबाचा वाटतो, आणि त्यात तथ्य आहे.

कथानकाशी इमान राखूनही निर्मात्यांनी थोडी गंमत केली. पहिल्या भागात सेल हा खलनायक चुकून क्रिलिनलाच गिळतो आणि अधिक बलवान होण्याऐवजी दुबळा होऊन बसतो!

२००५ मध्ये आलेल्या ‘बुडोकाई तेनकाइची’मुळे गोंधळ वाढला. नावाचे दोन शब्द तेच, क्रम उलटा. पण ती स्पाइक या वेगळ्या कंपनीची निर्मिती. जपानमध्ये तिचे नाव ‘स्पार्किंग!’. तेथे कॅमेरा योद्ध्याच्या पाठीमागे असतो आणि लढत विस्तीर्ण मैदानात, आकाशात चालते. तिच्या तिसऱ्या भागात (२००७) रूपांतरे धरून १६१ योद्धे होते. डावपेचांच्या काटेकोरपणात मात्र ‘बुडोकाई ३’ सरस ठरतो.

या मालिकेची दुखरी बाजू संगीताची आहे. ‘बुडोकाई’चे संगीत केंजी यामामोतो यांचे. मार्च २०११ मध्ये, त्यांनी ‘ड्रॅगन बॉल काई’ या मालिकेसाठी दिलेल्या काही रचनांनी इतरांच्या हक्कांचा भंग केल्याची शंका असल्याचे तोएईने जाहीर केले. पुढील प्रसारणांत त्या रचनांच्या जागी मूळ मालिकेचे संगीतकार शुनसुके किकुची यांचे जुने संगीत वापरण्यात आले. २०१२ मध्ये ‘बुडोकाई’चा उच्च सुस्पष्टतेतील संच बाजारात आला तेव्हा त्यातही मूळ संगीत नव्हते, आणि दुसरा भागही वगळलेला होता. परिणामी, हे खेळ मूळ स्वरूपात अनुभवायचे तर प्लेस्टेशन २ अथवा गेमक्यूबच्या जुन्या डिस्कच शोधाव्या लागतात. कथा, चित्रे, नियम सारे शाबूत. हरवली ती केवळ पार्श्वभूमीची धून. पण ज्यांनी तासन् तास ती ऐकत सामने खेळले, त्यांच्या लेखी ही उणीव क्षुल्लक नाही.

‘डिम्प्स’ने पुढे २००८ मध्ये ‘बर्स्ट लिमिट’ आणि ‘इन्फिनिट वर्ल्ड’ काढले. ‘बुडोकाई’ नावाची मुख्य मालिका मात्र तिसऱ्या भागावरच थांबली. ‘तेनकाइची’च्या वाट्याला पुनरागमन आले : ‘स्पार्किंग! झीरो’ ११ ऑक्टोबर २०२४ रोजी १८२ योद्ध्यांसह प्रकाशित झाला आणि पहिल्या २४ तासांत त्याच्या तीस लाख प्रती विकल्या गेल्याचे बंदाई नामको कंपनीने जाहीर केले. तोरियामा यांचे निधन त्याच वर्षी १ मार्च रोजी झाले होते.