आयत्या बिळावर नागोबा

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण सर्वांनी कधी ना कधी कोणावर तरी झाडलेली असेल. दुसऱ्याच्या कष्टांवर आरामात बसणाऱ्या माणसाला उद्देशून ती वापरतात आणि तिच्यात नागाची निंदा आहे, असे आपण समजतो. थोडा विचार केला तर मात्र त्या प्राण्यावर हा अन्याय आहे, असेच म्हणावे लागेल. नागाला हात नाहीत, पाय नाहीत. घुशीप्रमाणे नखांनी जमीन उकरणे त्याला साधत नाही. वाळवीने उभारलेले वारूळ, उंदराचे बीळ, दगडी गडग्यातील एखादी फट, एवढेच त्याचे घर. माणसाने जेव्हा जेव्हा सापाला आपल्याजवळ ठेवले, तेव्हा तेव्हा या घराच्या बदली त्याला काय दिले, याचा थोडासा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

सापाला ही जागा इतकी का लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो व तो डोळा सदा उघडाच राहतो. ज्याला डोळे मिटता येत नाहीत, त्याला अंधारच पापणीचे काम देतो. शिवाय आपल्यासारखी अंगची ऊब टिकविणे त्याच्या शरीराला शक्य नाही. उन्हाला यावयाचे आणि तापले की गारव्याला जावयाचे, हाच त्याचा नित्यक्रम. कात टाकण्याच्या सुमारास त्याला ओलावा लागतो. तो न मिळाल्यास कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. आणि जागा ऐसपैस असूनही भागत नाही. भिंती अंगाला लागतील अशा अरुंद पोकळीत वेटोळे करून बसला म्हणजेच तो निर्धास्त होतो. लपावयास जागा नसलेला साप पुष्कळदा अन्नाला तोंड लावीत नाही, असा तो सांभाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

ही गोष्ट मला पुस्तकाने शिकविली नाही. ती माझ्या वर्गातील एका मुलाने शिकविली. त्याने एकदा ओढ्यातील एक लहान दिवड काचेच्या बरणीत घालून शाळेत आणली. दिवड बिनविषारी, परंतु बरणीत ती सारखी काचेवर तोंड आपटीत होती. काय करावे ते मला सुचेना. त्या मुलानेच बागेतून फुटक्या कुंडीचे खापर आणले व तिला मोठ्या बादलीत सोडून ते वर पालथे घातले. क्षणभरात ती खापराखाली शिरली आणि शांत झाली. संध्याकाळी आम्ही तिला ओढ्यावर सोडून आलो. त्या दिवशी मुलगा शिक्षक होता आणि मी विद्यार्थी.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते असे समजू नये. बेळगाव-निपाणीकडे मराठी माणूस ज्याला वारूळ म्हणतो, त्यालाच त्याचा कानडी शेजारी ‘हुत्त’ म्हणतो. परंतु पंचमीला दोघांच्याही घरच्या बायका त्याच वारुळाला लाह्या वाहतात. त्या दिवशी नांगर धरावयाचा नाही, जमीन खणावयाची नाही, घरात चिरणे-कापणे करावयाचे नाही, असा दंडक आहे. त्यामागची कथा काहीही असो, वर्षातून निदान एक दिवस सापाचे घर मोडावयाचे नाही, हाच त्याचा सरळ अर्थ. दक्षिणेत ही दृष्टी आणखी पुढे गेली. केरळात घराच्या आवारात ‘सर्पकावू’ आणि मंगळूरकडे ‘नागबन’ राखण्याची चाल आहे. झाडीच्या त्या तुकड्याला कुऱ्हाड लावावयाची नाही. तेथे सापाला कोणी पकडून आणीत नाही. त्याला जागा तेवढी सोडून देतात. पाळण्याचा याहून निर्दोष प्रकार मला तरी माहीत नाही.

यानंतर येतो गारुडी. त्याची बांबूची टोपली दिसावयास क्षुद्र, परंतु ती काळोखी होती, अरुंद होती, म्हणजे बिळाची थोडीबहुत आठवण देणारी होती. टोपलीत साप गप्प बसे तो त्यामुळेच. परंतु गारुड्याचा व्यवसाय साप लपविण्यावर चालत नसे, दाखविण्यावर चाले. त्यासाठी नागाचे दात पाडावयाचे, त्याला तहानलेला ठेवून दूध पाजावयाचे आणि झाकण उघडून उजेडात डिवचावयाचे. पुंगीच्या सुराला तो भुलतो ही आपली समजूत. खरे पाहता त्याची नजर पुंगीच्या हालचालीवर असते.

पाश्चात्त्यांनी टोपलीच्या जागी काच आणली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सर्पगृह उघडले ते १८४९ साली. तीनच वर्षांनी, १८५२ साली, तेथील एक रक्षक नागाच्या दंशाने मरण पावला. काचेमागचा साप पाहावयास सोपा झाला खरा, परंतु पाहणाऱ्याची सोय ती त्याची गैरसोय, हे कळावयास पुष्कळ वर्षे गेली. आमच्या कोकणात याच शतकात निराळाच खेळ चालला होता. रत्नागिरीच्या कातळावर दगडांखाली फुरसे दडून बसते. सरकारने बक्षीस लावताच १८६२ साली थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. तरीही फुरसे कोकणातून नाहीसे झाले नाही.

आता शिराळ्याकडे वळू. निपाणीहून कोल्हापूर ओलांडून उत्तरेस गेले की सांगली जिल्ह्यातील हे बत्तीस शिराळा गाव लागते. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या एका बाईला गोरक्षनाथांनी जिवंत नाग पुजावयास दिला, अशी तेथील आख्यायिका आहे. पंचमीच्या आधी रानोमाळ हिंडून नाग धरावयाचे, त्यांना मातीच्या मडक्यात ठेवून तोंडाला फडके बांधावयाचे आणि सण झाला की पुन्हा रानात सोडावयाचे, अशी तेथील रीत होती. हे मडके मला फार विचार करण्याजोगे वाटते. माती गार राहते, पोटात काळोख असतो, भिंत अंगाला लागते, फडक्यातून हवा येते. तमिळनाडूतील इरुळा लोकांनी १९७८ साली साप धरणाऱ्यांची सहकारी संस्था काढली. लस बनविण्यासाठी लागणारे विष काढून साप पुन्हा सोडून द्यावयाचे, हे तिचे काम. त्यांनीही साप ठेवावयास मडकेच पसंत केले. दोन प्रांतांतील, एकमेकांची भाषा न जाणणारी माणसे एकाच उत्तराला पोहोचली, यातच त्या उत्तराची परीक्षा झाली. परंतु शिराळ्याच्या मिरवणुकीत आणि फण्यांच्या चढाओढीत मडक्याने दिलेली विश्रांती व्यर्थ जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप धरण्यास बंदी आलीच होती. पुढे २००२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने या प्रथेला आळा बसला. २०२५ साली शिक्षणाच्या हेतूने एकवीस नाग धरण्याची मर्यादित परवानगी केंद्र सरकारने दिली. प्रथा टिकावी की प्राणी, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. माझ्या मते त्या प्रथेतील जपण्यासारखी वस्तू मिरवणूक नव्हे, मडके आहे. म्हणजे सापाला काय हवे याची जाण आहे.

ती जाण शाळेतून देता येते, हे आमच्या शेजारच्या चंदगड तालुक्याने दाखविले. ढोलगरवाडीच्या मामासाहेब लाड विद्यालयात बाबूराव टक्केकर यांनी मुलांना सापांची ओळख करून देण्याचा वसा घेतला आणि त्या आडगावाचे नाव दूरवर पोहोचले. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर विषारी सापांसह बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले. सापाला आपण डिवचले नाही तर तोही आपल्या वाटेला जात नाही, हे त्यांनी लोकांना प्रत्यक्ष दाखविले. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले.

तथापि सापाविषयी भाबडे बोलून चालणार नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतील होती. दंश होताच मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात गेले पाहिजे, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. परंतु साप आपल्या वाटेत येतो तो बहुधा त्याची जागा आपण हलविली म्हणून. बायबलात संत पौलाची एक हकीकत आहे. गलबत फुटून माल्टा बेटावर आल्यावर पौलाने काटक्या गोळा करून विस्तवावर टाकल्या, तेव्हा आच लागताच त्यांतून साप निघून त्याच्या हाताला लोंबकळला. श्रद्धावंत त्यात चमत्कार पाहतात, मीही पाहतो. परंतु साप काटक्यांत दडलेला होता आणि आपण त्या उचलल्या, हा त्यातला साधा धडा आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या अनुभवाचा आहे.

म्हणून घराला लागून सरपण, शेणी वा विटांचा ढीग रचू नये. तो सापाला आयते बीळच होतो. आणि शेताच्या कडेला मात्र एखादे वारूळ, एखादा जुना गडगा, बांधावरचा झुडपांचा एक तुकडा तसाच राहू द्यावा. आज यंत्राने बांध सपाट होतात, गडग्यांचे दगड पायाला जातात, आणि मग घरातील नागाला पाहून आपण काठी शोधतो. साप घरी पाळणे कायद्याला मान्य नाही, आणि त्याची गरजही नाही. त्याला बीळ ठेवले की तो आपला आपण पाळला जातो, आणि शेतातील उंदीर खाऊन त्या बिळाचे भाडेही चुकते करतो.

पंचमीला आपण वारुळापुढे हात जोडतो. उरलेल्या दिवशी त्याला हात न लावला, तर ती पूजा पुरी झाली असे मी म्हणेन.