पालक की रानभाज्या? रक्तवाढीसाठी आणि इतर आजारांत काय खावे

पावसाळा लागला की टाकळा, कुर्डू, फोडशी, घोळ यांच्या जुड्या बाजारात येतात. "रक्त कमी आहे, पालकाऐवजी रानभाजी दिली तर चालेल का?" असा प्रश्न मग नातेवाईक हमखास विचारतात. चालेल. पण रानातली म्हणून ती प्रत्येक बाबतीत सरस, असे नाही.

१०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ३ मिलिग्रॅम लोह, ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २ ग्रॅम प्रथिने असतात. शेवग्याच्या पाल्यात लोह सुमारे साडेचार मिलिग्रॅम, कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या वर आणि प्रथिने ६ ग्रॅम. (शेवगा रानातला नव्हे, बांधावरचा, पण शेंगा खाऊन पाला टाकून देणारी घरे अनेक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.) पालकाची जमेची बाजू म्हणजे फोलेट. मात्र पालकात ऑक्झलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, त्यामुळे पालकातले कॅल्शियम अंगी फारच थोडे लागते. घोळ भाजीत ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले असतात, पण ऑक्झलेट पालकाइतके किंवा त्याहूनही जास्त असते.

हिमोग्लोबिन कमी असेल तर

गरोदरपणी रोज सुमारे २७ मिलिग्रॅम लोह लागते. वाटीभर भाजीतून त्यातले थोडेच मिळते, आणि त्यातलेही सगळे शोषले जात नाही. भाजीवर लिंबू पिळा, जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका. याने शोषण सुधारते. मात्र हिमोग्लोबिन ८ वर आले असेल तर कोणतीही पालेभाजी ते वेळेत भरून काढणार नाही. भाजी सुरू केली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

कोणी जपून खावे

मुतखडा झालेल्यांनी (बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात) पालक, घोळ, माठ, अळू रोज खाऊ नये. खायचेच तर भाजी उकळून पाणी फेकावे आणि सोबत दही घ्यावे. पाण्याबरोबर क जीवनसत्त्व व फोलेटही जाते, म्हणून ज्यांना हा त्रास नाही त्यांनी हा उपद्व्याप करू नये.

मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातले पोटॅशियम वाढलेले असेल, तर कोणत्या पालेभाज्या किती खायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रक्त पातळ होण्यासाठी वॉरफेरिन किंवा असिनोकूमरॉल चालू असेल, तर पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. भाजी सोडायची गरज नाही. आठवड्यातले प्रमाण सारखे ठेवा. एरवी पालेभाजी न खाणाऱ्याने श्रावणात रोज रानभाजी सुरू केली, की आयएनआर बिघडतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांना हे महागात पडू शकते.

ओळख पटल्याशिवाय खुडू नका

कोवळी रोपे एकसारखी दिसतात. टाकळ्याच्याच जातकुळीतला कासविंदा घ्या: त्याच्या शेंगांतल्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले दगावली आहेत. भाजी नेहमीच्या, माहीतगार विक्रेत्याकडूनच घ्या. खाल्ल्यावर उलट्या, गुंगी किंवा घशात जळजळ झाली तर लगेच रुग्णालयात जा आणि उरलेला पाला, शेंगा जे काही असेल ते सोबत न्या.